वीस मे, संध्याकाळी सहा

खुर्च्या हलवायच्या नाहीत. त्या दोन-दोन मीटरवर मांडल्या आहेत आणि तशाच राहिल्या पाहिजेत, असं दारातल्या माणसाने आत शिरतानाच सांगितलं आहे. तो काही वाईट बोलला नाही. मास्कच्या वर त्याचे डोळे ओढलेले दिसतात. सकाळपासून हेच त्याने किती घरांना सांगितलं असेल.

२० मे २०२०, बुधवार. लंडनच्या वायव्येकडचं उपनगर, तिथलं दहनगृह, दुपारची वेळ. बाहेर त्या वर्षातला तोवरचा सगळ्यात उकाड्याचा दिवस आहे. या प्रवासापुरतं तुम्हाला एक उसनं आयुष्य मिळालं आहे. तुम्ही हॅरोत राहता, एक शाळकरी मुलगा आणि एक तान्ही मुलगी आहे, आणि समोरच्या बंद पेटीत तुमची आई आहे. हे घर कुणा एकाचं नाही. त्या वसंतात ब्रिटनमधल्या आणि इकडच्या कितीतरी घरांवर जे ओढवलं, त्यातून ते उभं केलं आहे. पण पुढे ज्या तारखा, जे पुढारी, जे दंड आणि अहवाल येतील, ते सगळं खरोखर घडलेलं आहे.

आईच्या तोंडात तुळशीपत्र ठेवायचं राहिलं. पेटी उघडता येणार नाही, असं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. तिच्या अंगावर तिची साडी नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. भाऊ रेडिंगहून आला आहे. तो वेगळ्या घरात राहतो, म्हणून तिसऱ्या रांगेत बसला आहे. पुढे स्टँडवर फोन लावलाय आणि त्यात वाईचे मामा, साताऱ्याची मावशी, पुण्यातली भाचरं चौकटीचौकटींतून बघताहेत. मामा मध्येच म्हणतात, "अक्काचा चेहरा एकदा दाखवा रे." कुणीच काही बोलत नाही.

अर्ध्या तासात सगळं आटोपतं, कारण बाहेर पुढचं कुटुंब येऊन थांबलंय. गाड्या लावल्या आहेत तिथे भाऊ आणि तुम्ही समोरासमोर येता. दोघांचेही हात पुढे होतात आणि मध्येच थांबतात. इथे पोलीस नाही, बघणारं कुणी नाही. तरी तुम्ही एकमेकांना जवळ घेत नाही. तसा नियम आहे, आणि तो पाळला तर दुसऱ्या कुणाची तरी आई वाचेल असं तुम्हाला मनापासून वाटतं.

त्या देशात पुढे दोन वर्षं जो राग धुमसत राहिला, तो या अडलेल्या हातांपासून सुरू होतो.

आता दोन महिने मागे चला.

२३ मार्च, रात्रीचे साडेआठ. पंतप्रधान बोरिस जॉन्सन टीव्हीवरून देशाला सांगताहेत: घरातच राहा. किराणा, औषधपाणी, दिवसातून एकदा पाय मोकळे करणं, आणि घरून होण्यासारखं नसेल तर काम. एवढ्यासाठीच बाहेर पडायचं. आई सोफ्यावर बसून ऐकते आहे. जानेवारीत नातीच्या बारशाला ती आली, परतीचं तिकीट मार्चअखेरचं होतं. भारताने २२ मार्चपासून बाहेरून येणारी विमानं बंद केली आणि ती इथे अडकली. सगळं इंग्रजी तिला समजत नाही, पण तुमच्या चेहऱ्यावरून तिला अंदाज येतो.

मग गुरुवार येतात. रात्री आठ वाजता अख्खी गल्ली आपापल्या दारात येऊन दवाखान्यांतल्या माणसांसाठी टाळ्या वाजवते. आई स्टीलचं ताट आणि पळी घेऊन उंबऱ्यात उभी राहते. जॉन्सनना स्वतःलाच लागण होते. ५ एप्रिलला त्यांना सेंट थॉमस रुग्णालयात नेतात, दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात हलवतात. त्या संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे बसताना आई त्यांचंही नाव घेते. "त्याची बायको पोटुशी आहे ना," ती म्हणते.

त्याच आठवड्यात दोन बातम्या तुमच्या घरात येतात. पहिली स्कॉटलंडची. तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकारी कॅथरीन कॅल्डरवुड रोज लोकांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगत होत्या, सरकारी जाहिरातींतही त्यांचाच चेहरा होता. त्या स्वतः फाइफच्या किनाऱ्यावरच्या आपल्या दुसऱ्या घरी दोनदा जाऊन आल्या. वर्तमानपत्रात फोटो छापून आला, पोलिसांनी समज दिली, आणि ५ एप्रिलच्या रात्री त्यांनी राजीनामा दिला. प्रकरण एका दिवसात मिटलं. चूक झाली, माफी मागितली, पद सोडलं. लोकांनी त्यावर फार काळ डोकं तापवलं नाही, हे ध्यानात असू द्या.

दुसरी बातमी वाईहून येते. मामांचा फोन. वाईभोवतालच्या गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या आणि दगड टाकून रस्ते अडवलेत. मुंबईहून आलेल्या पोटच्या पोरांनासुद्धा आधी शाळेत, नाहीतर रानातल्या वस्तीवर राहायला सांगतात. आणि अशात दिवाण हाऊसिंग या गृहकर्ज कंपनीच्या वाधवान कुटुंबातली आणि त्यांच्यासोबतची मिळून २३ माणसं पाच गाड्या घेऊन खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचली. जवळ राज्याच्या गृह विभागाच्या प्रधान सचिवांचं पत्र. ही माझ्या परिचयातली माणसं आहेत, कौटुंबिक निकडीसाठी निघाली आहेत, त्यांना जाऊ द्यावं, अशा अर्थाचं. टाळेबंदी राबवणारं खातं तेच, आणि तिच्यातून वाट काढून देणारी सहीही त्याच खात्यातली.

"आपल्या पसरणीच्या घाटातूनच गेले असतील बघ, अक्का," मामा म्हणतात. मग ते शेजारच्या पोराचं सांगतात. तो नवी मुंबईच्या मार्केटात माथाडी. गावी बाप वारला. परवानगीसाठी पोरगा दोन दिवस खेटे घालत राहिला, आणि पोचला तोवर राख सावडून झाली होती.

आई फोन ठेवते. गाड्यांबद्दल ती चकार शब्द काढत नाही. "त्या लेकराला बापाचं तोंड दिसलं नाही," एवढंच म्हणते आणि बराच वेळ तांदूळ निवडत बसते.

मला वाटतं, या सगळ्या रागाचं मर्म आईला कळलं होतं. श्रीमंतांच्या सहलीचा हेवा कुणाला नव्हता. महाबळेश्वर तेव्हा बंदच होतं, तिथे जाऊन करायचं तरी काय? ज्याला बापाच्या मढ्यापाशी जाता आलं नाही, त्याला नियम साथीपुढे सगळ्यांना सारखा आहे असं सांगून थांबवलं होतं. ते सांगणं खोटं होतं, हे त्या पाच गाड्यांनी दाखवून दिलं.

एप्रिल संपता संपता आईला ताप येतो. रुग्णवाहिका दारात येते. अंगभर प्लॅस्टिक घातलेला माणूस सांगतो की सोबत कुणी येऊ शकणार नाही. घरातल्या एकाला आजार झाला की बाकीच्यांनी चौदा दिवस उंबरा ओलांडायचा नाही, असाही नियम आहे. तुम्ही ओलांडत नाही. दूध-भाजी शेजारी दाराशी ठेवून जातात. एक नर्स टॅबलेट धरून आईचा चेहरा दाखवते. ऑक्सिजनच्या मास्कमुळे आवाज येत नाही, पण हात हलतो. तिचं नाव तुम्ही भारतीय उच्चायुक्तालयात परतीच्या विमानासाठी नोंदवून ठेवलं होतं. अडकलेल्यांना नेणारं लंडनचं पहिलं विमान १० मेच्या पहाटे मुंबईत उतरतं. त्याच आठवड्यात आई जाते.

पुन्हा २० मेला या. दहनगृहातून घरी येऊन तुम्ही आंघोळ केली आहे. संध्याकाळी पाच वाजता सवयीने टीव्ही लावता. डाउनिंग स्ट्रीटवरच्या पंतप्रधानांच्या कार्यालयातल्या रोजच्या पत्रकार परिषदेत आज संस्कृती मंत्री ऑलिव्हर डाउडन आहेत. कोरोनाने मरण पावलेल्यांचा आकडा आज ३५,७०४ झाला आहे. त्यात तुमची आई आहे. नियमही पुन्हा सांगितला जातो. घराबाहेरच्या एकाच माणसाला भेटता येईल, तेही मोकळ्या सार्वजनिक जागी, दोन मीटरचं अंतर राखून. मुलगा विचारतो, "मग काका आणि काकू दोघं आले तर?" तुम्ही सांगता, नाही चालणार.

आता उसन्या आयुष्यातून तासभर बाहेर या. हॅरोतल्या माणसाला जिथे जाता आलं नसतं तिथे काळाच्या प्रवाशाला जाता येतं. त्या पत्रकार परिषदेपासून काही पावलांवर, त्याच इमारतीमागे बाग आहे. संध्याकाळचे सहा वाजलेत. ऊन अजून उतरलेलं नाही.

टेबलं मांडलेली आहेत, त्यांवर बाटल्या. पंतप्रधानांचे प्रधान खासगी सचिव मार्टिन रेनॉल्ड्स यांच्या कार्यालयातून आज सुमारे दोनशे जणांना ईमेल गेला आहे. फार धावपळीचे दिवस गेले, छान हवा पडली आहे, तर सहा वाजल्यापासून बागेत अंतर राखून मद्यपानाला या आणि आपली बाटली आपण आणा. निरोप पाहून आतल्याच एकदोघांना ते खटकलं. संपर्कप्रमुख ली केन यांनी हे धोक्याचं आहे असं कळवलंही. आणखी एकाने सहकाऱ्यांना सावध केलं, की पत्रकार परिषद याच सुमाराला संपेल, कॅमेरेवाले बाहेर पडत असतील, तेव्हा बाटल्या मिरवत फिरू नका. हा निरोप नीट वाचा. आपण करतोय ते बाहेरच्यांनी पाहता कामा नये, हे त्यांना त्या क्षणीच कळत होतं.

तीस-चाळीस माणसं येतात. थोड्या वेळाने पंतप्रधानही येतात, बहुधा अर्धा तास थांबतात, लोकांचे आभार मानतात. दीड महिन्यापूर्वी मरणाच्या दारातून परतलेला माणूस. तुमच्या आईने ज्याच्यासाठी दिवा लावला तो.

त्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. ही माणसं महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबत होती, दिवसभर एकाच छताखाली होती, मग तीच माणसं बागेत उभी राहिली तर रोग किती वाढणार, असं त्यांना वाटलं असेल. पण हेच तर प्रत्येकाला वाटत होतं. अतिदक्षता विभागात बारा-बारा तास एकत्र काढलेल्या नर्सेसनाही पाळी संपल्यावर एकत्र बसावंसं वाटलं असेल. त्या आपापल्या गाडीत बसून, एकट्याने रडून घरी गेल्या. नियम लिहिणाऱ्यांनी "आमचं कारण वेगळं" असं म्हणायचं ठरवलं, तर तसं वेगळं कारण नसलेला माणूस देशात एकही सापडला नसता.

नंतर रेनॉल्ड्स एका सहकाऱ्याला लिहितात की आपल्या त्या पार्टीचं कुणाला कळलं नाही असं दिसतंय. तेव्हा ते खरं होतं. पण त्याच बागेत पार्टीनंतर पाच दिवसांनी देशभरचे कॅमेरे येणार होते, वेगळ्याच कारणाने.

परत घरी. देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात अस्थी ठेवल्या आहेत. विमानं सुरू झाली की त्या कृष्णेत सोडायच्या. २२ मेच्या रात्री बातमी येते की पंतप्रधानांचे सगळ्यात जवळचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज मार्चअखेर, बायकोला आजाराची लक्षणं असताना, तिला आणि मुलाला गाडीत घालून लंडनहून डरहमला, चारशेहून जास्त किलोमीटरवर आपल्या आईवडिलांच्या शेतावर गेले होते. १२ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, तिथून आणखी पुढे बार्नर्ड कॅसल या गावी गेले. २५ मेला ते डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत टेबल टाकून बसतात, पत्रकार दोन-दोन मीटरवर. दृष्टी गाडी चालवण्याजोगी राहिली आहे का, हे बघायला बार्नर्ड कॅसलला गेलो होतो, असं ते सांगतात. आपल्याला पश्चात्ताप नाही, असंही सांगतात.

त्याच्या आदल्या दिवशी जॉन्सन म्हणून गेले आहेत की कमिंग्ज यांनी कुठल्याही बापाला जे करावंसं वाटेल तेच केलं.

तुम्ही रिमोट हातात धरून बसून राहता. कुठल्याही बापाला जे करावंसं वाटेल ते. मग लेकरांना काय करावंसं वाटत होतं? तुम्हाला रुग्णालयाच्या दारात जाऊन बसावंसं वाटलं नव्हतं का? चौदा दिवस तुम्ही घरात थांबलात ते आईवर माया कमी होती म्हणून? त्या एका वाक्याने नियम पाळणाऱ्या प्रत्येक माणसाच्या काळजात शंका घातली: मी जास्त प्रेम करणारा असतो, तर मीही मोडला असता का नियम? आपल्या माणसाला एकटं मरू देणं हे त्या दिवसापर्यंत कर्तव्य होतं. त्या दिवसानंतर अनेकांना तो आपला भोळेपणा वाटू लागला. मला तरी या सबंध प्रकरणातला हाच सगळ्यात मोठा अपराध वाटतो, आणि त्यासाठी कुठल्याही कायद्यात कलम नाही.

स्कॉटलंड खात्याचे एक कनिष्ठ मंत्री डग्लस रॉस यांनी २६ मेला राजीनामा दिला. माझ्या मतदारसंघात आप्तांचा निरोप न घेता आलेले लोक आहेत. तुम्ही चुकलात आणि तो सल्लागार बरोबर, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, असं त्यांचं म्हणणं होतं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी तेव्हा हजारो लोकांची नियमित पाहणी चालवली होती. २२ मेपासून इंग्लंडमध्ये सरकारवरचा विश्वास कसा घसरला, हे त्यांनी त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. कमिंग्ज मात्र पदावर राहिले. कॅल्डरवुड प्रकरण एका दिवसात शमलं आणि हे वर्षानुवर्षं चिघळलं, याचं कारण एवढंच.

पुढचं दीड वर्ष झरझर ओलांडू, फक्त दोन रात्री थांबू.

१८ डिसेंबर २०२०. लंडनमध्ये पुन्हा कडक निर्बंध आहेत, घराबाहेरच्या कुणालाही घरात घ्यायचं नाही. डाउनिंग स्ट्रीटच्या प्रसिद्धी कार्यालयात नाताळची पार्टी चालली आहे. गर्दीत कुणाचा तरी हात धोक्याच्या घंटेच्या बटणावर पडतो. राखणदार आणि एक पोलीस धावत येतात, खोलीभर माणसं बघतात आणि परत जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडायला येणाऱ्या माणसाला एका भिंतीवर आणि कागदांच्या खोक्यांवर लाल वाइन सांडलेली दिसते. त्या झाडणाऱ्या माणसाचा विचार करा. लंडनची कार्यालयं पहाटे झाडणाऱ्यांत कितीतरी जण दूरदेशांतून आलेले. बस सुरू होती म्हणून, आणि पोटासाठी, ते साथीतही रोज येत होते. त्यांनाही घरी कुणाला बोलवायची मुभा नव्हती. नंतरच्या चौकशीत वरिष्ठ सनदी अधिकारी सू ग्रे यांनी लिहिलं की राखणदारांशी आणि सफाई कामगारांशी तुच्छतेने वागल्याची अनेक उदाहरणं त्यांना कळली. भिंतीवरच्या डागापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं.

१६ एप्रिल २०२१. दोन सहकाऱ्यांच्या निरोपाच्या दोन पार्ट्या, पुढे दोन्ही बागेत एकत्र होतात आणि रात्र चढत जाते. पंतप्रधानांच्या लहानग्याचा झोका त्या धुडगुसात मोडतो. दुसऱ्या दिवशी दुपारी विंडसरच्या चॅपेलमध्ये राणी एलिझाबेथ यांच्या पतीचे अंत्यसंस्कार. तीसच माणसांना परवानगी. नव्वदी पार केलेली राणी काळ्या कपड्यांत, मास्क लावून, बाकावर एकटी बसलेली. ती तुमच्याच नियमाने बसली आहे. तुम्ही हॅरोत टीव्हीसमोर आहात, आणि राजघराण्याशी तुमचा काडीचा संबंध नसताना तुमच्या डोळ्यांत पाणी येतं. आदली रात्र बागेत कशी गेली, हे तुम्हाला अजून माहीत नाही.

अशा पार्ट्यांचा पहिला सुगावा लागायला ३० नोव्हेंबर २०२१ उजाडतो. 'डेली मिरर'मध्ये पहिली बातमी येते. मग ७ डिसेंबरला आयटीव्हीवर एक चित्रफीत. वर्षापूर्वी पत्रकारांच्या प्रश्नांची रंगीत तालीम चालली आहे. नाताळच्या पार्टीबद्दल कुणी विचारलं तर काय सांगायचं, यावर प्रवक्त्या अ‍ॅलेग्रा स्ट्रॅटन आणि सहकारी हसताहेत. दुसऱ्या दिवशी स्ट्रॅटन रडत राजीनामा देतात. जॉन्सन संसदेत म्हणतात की पार्टी झालीच नाही असं आपल्याला पुन्हा पुन्हा सांगण्यात आलंय.

आता रेडिओ लावा. देशभरातून माणसं फोन करताहेत. कुणी नवऱ्याला खिडकीच्या काचेतून निरोप दिला, कुणी पहिलं बाळ एकटीने जन्माला घातलं, कुणाला आईच्या अंत्यविधीला दहाच्या वर माणसं नकोत म्हणून सख्ख्या आत्याला परत पाठवावं लागलं. जानेवारीत उत्तर आयर्लंडचे खासदार जिम शॅनन संसदेत बोलायला उभे राहतात. त्यांची सासू कोरोनाने एकटीच गेली. बोलता बोलता त्यांना रडू कोसळतं आणि प्रश्न अर्धाच राहतो. टीव्हीवरचे जाणकार या दिवसांत म्हणत होते की एवढ्याशा चीज-वाइनवरून काय हे! त्यांनी ते फोन ऐकले असते तर तसं बोलले नसते. माणसांना बाटल्यांचं काही पडलं नव्हतं. प्रत्येक जण आपापली तारीख त्या यादीशी ताडून बघत होता. अमुक पार्टी झाली त्या दिवशी मी कुठे होतो?

तुम्हीही बघता. तो २० मेचा ईमेल १० जानेवारी २०२२ ला बाहेर येतो. तुम्ही रेडिंगला भावाला फोन लावता. तो फक्त म्हणतो, "आपण सहाच्या आत घरी पोचलो होतो, नाही?" दोन दिवसांनी जॉन्सन संसदेत माफी मागतात आणि सांगतात की ते कामाचाच भाग आहे असं आपल्याला वाटलं होतं.

थेम्सच्या काठी, संसदेच्या बरोबर समोर, घर उजाडलेल्यांनी मार्च २०२१ पासून एक लांबलचक भिंत लाल बदामांनी रंगवून काढली आहे. गेलेल्या प्रत्येकामागे एक बदाम. तिथे आईचं नाव मराठीत लिहिलेलं आहे. त्या जानेवारीत भिंतीपाशी येणाऱ्यांची नजर पाण्यापलीकडच्या संसदेकडे वळलेली असते. तुमचीही.

पुढचं थोडक्यात. पोलिसांनी १९ मे २०२२ ला तपास संपवला: ८३ जणांना मिळून १२६ दंड. खुद्द पंतप्रधानांना एकच, जून २०२० मधल्या त्यांच्या वाढदिवसाच्या जमावाबद्दल. पदावर असताना कायदा मोडल्याचा ठपका आलेले ते पहिलेच ब्रिटिश पंतप्रधान. २५ मेला सू ग्रे यांचा अहवाल आला, फोटोंसकट, निरोपांसकट, कोण किती वाजता बाहेर पडलं त्यासकट. जुलैत वेगळ्याच एका प्रकरणाने जॉन्सन यांच्या पक्षाचा धीर सुटला आणि त्यांना जावं लागलं. पण संसद विसरली नाही. तिच्या विशेषाधिकार समितीने जून २०२३ मध्ये ठरवलं की त्यांनी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली, आणि सभागृहाने तो निष्कर्ष ३५४ विरुद्ध ७ मतांनी मान्य केला.

यातून कुणाची आई परत आली नाही. पण आईला निरोप दिला त्या दिवशी, त्या संध्याकाळी, त्या बागेत नेमकं काय चाललं होतं, हे हॅरोतल्या त्या घराला सरकारी कागदावर, तारीखवार वाचता आलं. तो त्यांचा हक्क होता आणि तो त्यांनी दोन वर्षं रागावून मिळवला. त्या रागाला सूड म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. घरातलं माणूस गमावूनही ज्यांनी नियम पाळला, त्यांचं ऋण राज्यावर होतं, आणि सत्य सांगणं ही त्या ऋणाची अगदी पहिली परतफेड होती.

उसनं आयुष्य इथे परत करा आणि महाराष्ट्रात या. वाधवान कुटुंबाला पत्र देणाऱ्या अधिकाऱ्याला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सक्तीच्या रजेवर पाठवलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये तेच अधिकारी पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. तेव्हा शहरात साथ ऐन भरात होती आणि निर्बंध राबवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

आपल्याकडेही प्रत्येक गावात तो माथाडी पोरगा आहे. त्याने राग गिळला, कारण पोटापाण्याच्या मागे लागणं भाग होतं. तुमच्या घरातलं कुणी त्या दिवसांत असं गेलं असेल, निरोप राहिला असेल, तर तुमच्या जिल्ह्यात टाळेबंदीत प्रवासाच्या खास परवानग्या किती दिल्या, कोणत्या कारणांनी आणि कुणाच्या सहीने, हे विचारा. त्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणं कार्यालयावर बंधनकारक आहे.